डॉक्टर तीन काय म्हणला?

आमच्या घरी पाहुणा आला की चहा यायच्या आधी माय एक वाक्य बोलायची. "माह्या गुडघ्यापायी पोराची नोकरी गेली जी." पाहुणा आधी तिच्या पायाकडे बघायचा, मग माझ्याकडे. माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत कौतुक असायचं. मी खाली मान घालून कपाची वाट बघायचो. पंधरा-सोळा वर्षं हे असंच चाललं. ते वाक्य खोटं होतं. मायला ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, आणि तिच्या तोंडी ते मीच घातलं होतं.

मी आदिलाबादकडच्या इचोड्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सिलेक्टर आहे. राहतो बोथच्या बाजूला, वडिलांनी बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात. सिलेक्टर म्हणजे कापूस बघून तो कसा आहे ते सांगणारा माणूस. आवारात ट्रॅक्टर उभा राहिला की मी कापसात कोपरापर्यंत हात घालतो आणि खालचा कापूस वर काढतो. वरचा कापूस सगळ्यांचाच कोरडा असतो. सरकी सोडवून चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरायची, ओढायची, एकावर एक ठेवायची, पुन्हा ओढायची. पाच-सहा वेळा असं केलं की तंतू विंचरलेल्या केसांसारखे सरळ होतात आणि त्यांची लांबी डोळ्यांना दिसते. मला ती बोटांनाच कळते, मिलिमीटरच्या फरकानं. कोणाला सूर कळतो, मला हे कळतं, यात फुशारकी काही नाही. या कामात बोलायचं नसतं. बोटांचा निकाल लागायच्या आधी तोंड उघडणाऱ्या सिलेक्टरला शेतकरीही गुंडाळतो आणि व्यापारीही. गप्प बसायची सवय मला तिथं लागली. पुढं ती नको तिथं कामाला आली.

एका हंगामात कोइमतूरकडच्या एका मोठ्या सूतगिरणीचा माणूस आमच्याकडे गाठी बघायला आला. दोन तास तो माझ्या मागं उभा होता. काही बोलला नाही, मीही बोललो नाही. महिन्याभरानं बोलावणं आलं, येऊन भेटून जा म्हणून.

त्या गिरणीतली कापूस बघायची खोली मी मरेपर्यंत विसरणार नाही. कापूस बघायला उत्तरेकडचा उजेड लागतो. त्यात ऊन नसतं, दिवसभर तो एकसारखा राहतो. मी इचोड्यात जिनच्या दाराशी बसतो आणि सावली सरकेल तसा स्टूल सरकवतो. तिथं नुसत्या उजेडासाठी खोली बांधली होती! छपराची उत्तरेकडची बाजू सगळी काचेची. खाली लांबलचक टेबल, त्यावर काळं कापड, कापडावर देशोदेशीचे कापूस मांडलेले. माझ्यासमोर सहा पुंजके ठेवले. पाच मी ओळखले. सहावा चार वेळा ओढला आणि म्हणालो, "ये एक जगह का नहीं है. दो जगह का मिलाया है." तिथला म्हातारा सिलेक्टर इतका हसला की त्याचा चष्मा घसरला. त्यानं मुद्दाम मिसळला होता. मग त्यानं एका डब्यातून मिसर देशाच्या कापसाचा एक पुंजका काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी ओढला, तर तो संपेचना. माझ्या बोटांना इतकं लांब जायची सवयच नव्हती.

या नोकरीचं स्वप्न मी विसाव्या वर्षापासून बघत होतो, अशी खोली कुठंतरी असते हे माहीत नसतानाही. हे आधी सांगून ठेवतो. पुढचं वाचून कोणी म्हणेल, याला जमलंच नसतं, भ्याला असेल. मी भ्यालो नव्हतो. सहापैकी सहा मी ओळखले होते.

मी तिथं चार दिवस होतो. पहिल्या दिवशी गिरणीबाहेरच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्यानं काहीतरी विचारलं, मी मान हलवली, त्यानं कॉफी दिली. मला चहा हवा होता. चार दिवस मी कॉफी प्यालो. मी मुळातच कमी बोलणारा. पण इचोड्याच्या चौकात मी गप्प बसलो तर लोकांना ते गप्प बसणं वाचता येतं. चहावाला लांबूनच ओरडतो, "काऊन बे सिलेक्टर, आज कोणाच्या कापसात पाणी निघालं?" मी उत्तर देत नाही, आणि माझं उत्तर सगळ्यांना कळतं. तिथं मी गप्प होतो तर नुसता एक माणूस गप्प होता. कोणाला त्याचं काही नव्हतं. आणि काही असावं तरी का?

परत येताना नागपूरहून बसनं आलो. इचोड्यात उतरलो, हमरस्त्यावर नेहमीसारखी ट्रकांची रांग. पानठेल्यावरून हाक आली, "आले का मद्राशी? बायकोले वळखता का अजून?" आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. खरी, पोटातली भूक. तिथंच उभं राहून मी दोन प्लेट भजी खाल्ली. माझा निर्णय तिथं झाला होता. मला तो कळायला मात्र वेळ लागला.

पंधरवड्यात पत्र आलं. महिन्याच्या आत रुजू व्हा, राहायला क्वार्टर देऊ. घरात दिवाळी. मायनं गल्लीत सगळ्यांना सांगितलं. बायकोनं विचारलं, "तिकडं ज्वारी भेटते का जी?" आणि उत्तराची वाट न बघता एक पोतं बांधायला घेतलं. तिचं माहेर पैनगंगेच्या पल्याडच्या मराठी मुलखातलं, तिला इथली तेलुगू कधी जमली नाही, ती म्हणायची, "नाही समजत तर तिथंही नाही समजत, निदान नवं गाव तं पाहाले भेटंल." तिला जायचं होतं. हेही मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

मला जायचं नव्हतं. पण हे म्हणायचं कसं? आमच्याकडं गाव सोडून जाणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. राहणाऱ्याला विचारतात. आणि 'मला इथं बरं वाटतं' हे कारण चालत नाही. मजबुरी लागते. तहसीलच्या अर्जापासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत आमच्या भागात हा शब्द सगळीकडं चालतो. मर्जी सांगितली की माणूस आळशी ठरतो, नाहीतर बायकोच्या पदराला बांधलेला. मजबुरी सांगितली की लोक आपणहून बसायला खुर्ची देतात. माझ्याकडं मजबुरी नव्हती. चार दिवस पत्र खिशात घेऊन मी हिंडलो.

पाचव्या दिवशी सकाळी माय नळापाशी घसरून पडली. गुडघा टम्म सुजला. तिला ऑटोत घालून बोथच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, तेलुगू बोलणारा. मायची तेलुगू भाजीबाजारातली: आकडे येतात, कमी-जास्त करता येतं, बाकी काही नाही. म्हणून मधे मी. आमच्या गावात कितीतरी घरांत हे काम पोरांकडंच असतं. दवाखाना असो, कचेरी असो, म्हातारी माणसं पोराच्या तोंडाकडे बघतात. पोरगं सांगेल तेच साहेब बोलला.

डॉक्टरनं फोटो काढायला लावला, उजेडात धरून बघितला. हाड शाबूत होतं. म्हणाला, "मूडु वाराल्लो तग्गिपोतुंदि." तीन आठवड्यांत बरं होईल. तेलुगूत वारम् म्हणजे आठवडा. पुढं त्यानं बजावलं की तीन आठवडे झाले की रोज चालवा, बसवून ठेवू नका, नाहीतर सांधा आखडेल.

मायनं 'मूडु' तेवढं पकडलं. "काय म्हणला रे? मूडु म्हणला ना? तीन काय म्हणला? तीन वार?"

तीन वार म्हणजे आपले तीन दिवस. ती चुकली होती, पण चांगल्या बाजूनं चुकली होती. तिच्या तोंडावर आनंद होता, तीन दिवसांत बरी होऊन पोराला निरोप द्यायला उभी राहणार म्हणून. पत्रातला महिना संपायला सव्वीस दिवस होते. तीन आठवडे त्यात बसत होते. मी हिशेब केला नाही, पण तो मला आपोआप आला.

मी म्हणालो, "तीन मयने, माय. उठाचं नाही म्हणला."

डॉक्टरनं मान हलवली. त्याला वाटलं, मी त्याचंच सांगतोय.

ऑटोत माय रडली, गुडघ्यासाठी नाही. "मंग तुह्या नोकरीचं कसं रे बापू?" मी म्हणालो, "पाहू." दोन दिवसांनी नकाराचं पत्र टाकलं. कारणाच्या जागी लिहिलं, आईचं आजारपण.

इथवरचं कोणी माफ करेलही. पुढचं मी स्वतःला केलेलं नाही. बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी मी घरी आलो तर माय भिंत धरून अंगणात उभी. तोंडभर हसत म्हणाली, "पाह्य, चालून राह्यली मी! अजून टाइम असंल तं जा ना तू." मी तिला दोन्ही दंडांना धरलं आणि खाटेवर नेऊन बसवलं. "तीन मयने म्हंजे तीन मयने. डॉक्टर का येडा हाये?" ती निमूट बसली. पोरगं काळजी करतंय म्हणून खूश होऊन बसली. मिलिमीटर ओळखणाऱ्या याच हातांनी मी तिला बसवलं. तीन महिन्यांनी ती उठली तेव्हा गुडघा अर्धाच वाकत होता. तेव्हापासून ती पाय फरफटत चालते.

गाव मात्र खूश. आमच्या जिनचे शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माँ के लिए इतनी बड़ी नौकरी छोड़ दी." त्या वर्षी गणपतीत मंडळानं मला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं, आदर्श मुलगा म्हणून. नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. नारळ घरी फोडला. शाल मी कधी पांघरली नाही. आमच्याकडं डिसेंबरात थंडी बोचरी पडते, तेव्हा माय ती शाल गुडघ्याला गुंडाळून बसते.

आता खरं सांगायचंच तर सगळं सांगतो. राहिल्याचा मला पस्तावा नाही. एका दिवसाचाही नाही. लोकांनी माझी कीव केली की मला राग येतो. "तुमचं आयुष्य इथं कुजलं हो," असं मला एका शिकलेल्या पाहुण्यानं तोंडावर सांगितलं आहे. काय कुजलं? सकाळी गाडी काढली की वाटेत सात जण हात करतात, त्यातले तीन शिवी देऊन. तुरीच्या शेंगा भरात आल्या की कोणाच्याही बांधावर बसून उकडून खातो. एखादा शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरायच्या आधी मला माहीत असतं की हा कुठल्या रानाचा कापूस आणि यंदा त्या रानात पाणी साचलं होतं की नाही. काचेच्या छपराखालच्या म्हाताऱ्याला पुंजका कळत होता. मला पुंजक्याच्या मागचा माणूस कळतो. हे त्याच्यापेक्षा मोठं आहे असं मी म्हणत नाही. मला हे हवं होतं, एवढंच म्हणतो. म्हाताऱ्यानं दिलेला मिसरच्या कापसाचा तो पुंजका माझ्याकडं अजून आहे, मायच्या जुन्या सुपारीच्या डबीत. हंगाम सुरू व्हायच्या आधी मी डबी उघडतो. जीव तुटतो का? तुटतो. तरी राहिलो. दोन्ही खरं असू शकतं. लोकांना एकच पाहिजे असतं.

माझा गुन्हा राहण्याचा नव्हता. मी माझ्या मर्जीला मायच्या पायाचा टेकू लावला, हा होता.

यंदाच्या थंडीत मायचा दुसरा गुडघा दुखायला लागला. आदिलाबादला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. माझी मुलगी तिथंच कॉलेजात शिकते. तिची तेलुगू तिच्या मराठीपेक्षा सरस, त्यामुळं आता मधे ती. मी भिंतीला टेकून उभा. डॉक्टरनं दुखऱ्या गुडघ्याऐवजी जुनाच दाबून बघितला आणि बराच वेळ मुलीशी बोलला. काय बोलला ते मला मुलीच्या आधी समजलं. तो म्हणत होता, एक पाय लंगडत असल्यानं सगळा भार दुसऱ्यावर आला; आणि हा पहिला एवढा कसा आखडला, पडल्यावर किती दिवस बसवलं होतं?

मुलीनं आजीला विचारलं. आजी अभिमानानं म्हणाली, "तीन मयने. जागची हालू नाही देल्ली यानं मले."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मुलगी माझ्याकडं वळली. "बाबा, डॉक्टर विचारून राह्यले, तीन महिने बसवायला कोणी सांगितलं?"

आणि मायनं तोच प्रश्न विचारला. त्याच आवाजात, तशीच मान पुढं काढून. "काय म्हणून राह्यला रे डॉक्टर?"

मुलगी सांगायला तोंड उघडत होती. ती काय सांगणार होती मला माहीत नाही. कदाचित नरम करून सांगितलं असतं. मी तिला हातानं थांबवलं. म्हणालो, "माय, तो विचारतो, तीन मयने कोणी सांगतले. कोणीच नाही सांगतले. तीन आठवडे सांगतले होते. मूडु वारालु. मयने मी केले."

"काऊन?"

"मले जायाचं नव्हतं."

मायनं साडी गुडघ्यावर ओढून घेतली, जणू तो मला दिसू नये, आणि मुलीला म्हणाली, "चाल. मले घरी ने."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. अर्ध्या वाटेवर बोलली, पुढच्या सीटकडं बघत. "तवा सांगतलं असतं तं मी काय तुले हाकलून देत होती का रे? दोन शिव्या देल्ल्या असत्या. लोकायले म्हणली असती, नाही जात म्हणते येडा. सरलं असतं." मग, "पाय तं राह्यला असता."



बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "तीन मयने त्यायचं हगणं-मुतणं मी काढलं," ती म्हणाली. "गाव तुमाले शाल देत होतं तवा." आणि तवा उलटून ठेवताना, "ज्वारीचं पोतं मी बांधलं होतं. ते सोडाले मले बारा दिवस लागले. तुमाले कोणी सांगतलं नसंल." तिचं माझ्याशी मिटलेलं नाही. मिटवून घ्यायचा मी आग्रह धरलेला नाही.

माय तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलगी सुट्टीवर घरी होती, तिला मधे घेऊन बोलायची. मी समोर दोन हातांवर बसलेला, आणि ही नातीला म्हणते, "सांग तुह्या बापाले, पाणी गरम झालं. नीट सांगजो, बदलू नको मधातच." मुलगी हसू दाबत मला सांगायची, "बाबा, पाणी गरम झालं." मी म्हणायचो, "आजीला सांग, समजलं." चौथ्या दिवशी मी सकाळी तिला हात दिला आणि म्हणालो, "चाल, फिरून येऊ." तिनं हात घेतला नाही, काठी घेतली. पण आली. तेव्हापासून रोज कामावर जायच्या आधी आम्ही मारुतीपर्यंत जातो नि येतो. तिच्या चालीनं जायला पाऊण तास लागतो. गुडघा आता याहून जास्त वाकणार नाही, डॉक्टरनं तसं सांगितलं आहे. मी ते तिला जसंच्या तसं सांगितलं.

मागच्या आठवड्यात किनवटकडचे एक सोयरे आले, पहिल्यांदाच आमच्या घरी. बसले, पाणी प्याले, मायच्या पायाकडं बघून म्हणाले, "काकू, पायाले काय झालं जी?"

मी कपाची वाट बघायला मान खाली घातली. सवयच ती.

"याले गाव सोडवत नव्हतं," माय काठीनं माझ्याकडं दाखवत म्हणाली. "मोठी नोकरी लागली होती कोइमतुराले. जायाचं तं नव्हतं, नि सांगाची हिंमत नव्हती. मंग यानं माह्या गुडघ्याले रजेवर बसवलं."

सोयरे कसनुसे हसले. माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत कौतुक नव्हतं. मला हलकं वाटलं असं लिहायचा मोह होतो, पण तसं वाटलं नाही. कान तापले. फक्त मान वर उचलता आली.

"सांग रे त्यायले," माय म्हणाली. "डॉक्टर तीन काय म्हणला होता?"

"आठवडे," मी म्हणालो.

"मंग गेले काऊन नाही तुमी?" सोयऱ्यांनी विचारलं.

"मले इथंच राहाचं होतं."

माय काठी भिंतीला टेकवून ठेवत सोयऱ्यांना म्हणाली, "ऐकलं ना? घ्या आता चहा."